जहाजावर न्यायचा फराळ: नौपाड्यातल्या काकूंच्या दुकानाचा रिव्ह्यू, खास नेव्हीवाल्यांच्या घरच्यांसाठी

आधीच सांगून टाकतो, हा रिव्ह्यू घरी बसून चहाबरोबर चिवडा खाणाऱ्यांसाठी नाहीये. ठाण्यात फराळाच्या दुकानांना तोटा नाही, गोखले रोड, राम मारुती रोड नुसता चालत गेलात तरी हातात चार पिशव्या होतील, आणि घरी खायला बहुतेक ठिकाणचं चांगलंच असतं. हे लिहितोय ते ज्यांचा मुलगा, नवरा, भाऊ नेव्हीच्या जहाजावर आहे त्यांच्यासाठी (मुलगीसुद्धा, अग्निवीर मुलींची पहिली बॅच मार्च २०२३ मधे चिल्काच्या नेव्ही ट्रेनिंग सेंटरमधून पास आऊट झाली), आणि जहाज बाहेरदेशी निघणार म्हणून बॅगेत काय भरून द्यायचं यावर घरात वाद चालू आहे त्यांच्यासाठी.

मी स्वतः नेव्हीत होतो, सेलर म्हणून लागलो, चीफ (चीफ पेटी ऑफिसर) होऊन बाहेर पडलो, आता ऐरोलीत असतो. नोकरीतला बराच काळ एलएसटीवर गेला, म्हणजे ती लँडिंगवाली जहाजं, तोंड उघडून किनाऱ्याला लागतात आणि पोटातून रणगाडे, ट्रक, जवान बाहेर सोडतात. आता पुतण्या तसल्याच जहाजावर आहे. कुठलं जहाज, कधी निघालं, सध्या कुठे आहे हे इथे लिहिणार नाही, आणि तुम्हीपण आपापल्या पोरांचं फेसबुकवर टाकत जाऊ नका. पोरांना हे पहिल्या आठवड्यात बजावतात, आईबापांना कोण बजावणार.

दुकान म्हणजे काय, नौपाड्यात एका गल्लीत जुन्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर दोन खोल्या, पुढे काउंटर, मागे कढई. बोर्ड नाही. काकू आणि त्यांच्या दोन मदतनीस. नाव टाकत नाही कारण काकूंनीच सांगितलंय, "दिवाळीत आधीच झेपत नाही, अजून माणसं पाठवू नका." ज्याला खरंच जहाजासाठी हवंय त्याने मेसेज करा, पत्ता देतो. ऐरोलीहून ट्रान्स हार्बरने या, दिघा गाव झालं की ठाणेच, तिथून चालत. गाडी आणायच्या भानगडीत पडू नका, पार्किंग शोधण्यात जेवढा वेळ जाईल तेवढ्यात ऐरोलीला परत पोचाल. आणि दुपारी एक ते चार बंद, म्हणजे बंदच, बेल वाजवली तर काकूंचे मिस्टर गॅलरीतून नुसते बघतात.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी एवढंच म्हटलं की काकू, जहाजावर पाठवायचंय. त्यावर पहिला प्रश्न आला, "मर्चंटचं की नेव्हीचं?" (मर्चंट म्हणजे व्यापारी जहाज.) मी म्हटलं, का हो, फरक काय पडतो? तर म्हणाल्या, "अहो मर्चंटवाल्याला स्वतःची केबिन असते, त्याला बरणी चालते. नेव्हीवाला एवढ्या जणांत झोपतो, त्याच्याकडे बरणी ठेवायला जागा कुठाय?" मी तिथेच ऑर्डर देऊन टाकली, चव बघायच्या आधी. त्यांच्या बहिणीचा मुलगा मर्चंटवर आणि शेजारच्यांचा नेव्हीत, दोघांनाही पाठवून पाठवून हे ज्ञान आलंय.

बरं आता ज्यांनी जहाज आतून बघितलं नाही त्यांना थोडं सांगावं लागेल, नाहीतर मी पुढे चकलीला का नावं ठेवतोय ते कळणार नाही. आपल्याकडे शार्दूल, केसरी आणि ऐरावत ही एकाच जातीची तीन एलएसटी जहाजं आहेत, कोलकात्याच्या गार्डन रीचमधे बांधलेली, २००७, २००८ आणि २००९ मधे एकामागून एक नेव्हीत आली. सव्वाशे मीटर लांब, साडेपाच हजार टनांच्या वर. पोटात ११ रणगाडे आणि १० ट्रक मावतात आणि वर ५०० जवानांची सोय. जहाजाचा स्वतःचा क्रू दीडशेच्या आसपास, म्हणजे जवान चढले की दीडशेच्या घरात पाचशे पाहुणे. याआधीचं मगर, १९८७ चं, ते मे २०२३ मधे कोचीला निवृत्त झालं. या सगळ्यांचा तळ जवळजवळ सपाट, कारण किनाऱ्याला लागायचं असतं, आणि सपाट तळ म्हणजे समुद्र जरा खवळला की हे असं डावीकडे उजवीकडे, रात्रभर. पावसाळ्यात अरबी समुद्रात काढलेल्या रात्री विचारू नका. झोपायला तीन मजली बंक, डोक्यावरच्या माणसाची पाठ तुमच्या नाकाशी, खाली टँक डेकवरून (रणगाडे, ट्रक ठेवतात तो मजला) डिझेलचा वास, एक्झॉस्ट फॅनचा आवाज, आणि लॉकर साधारण शाळेच्या दप्तराहून थोडा मोठा. त्यात युनिफॉर्म, बूट, सिव्हिल कपडे, टॉयलेटचं सामान, आणि उरलेल्या कोपऱ्यात आईचं प्रेम.

म्हणून जहाजावरच्या फराळाची परीक्षा चवीने होत नाही, किंवा चवीनेच होते पण चवीचा नंबर सहावा. आधी बघायचं की दमट गरम हवेत टिकतं का, हलल्यावर फुटतं का, सांडतं का, वास मारतो का, आणि खाल्ल्यावर हात आणि भांडी किती धुवावी लागतात. या शेवटच्या मुद्द्याकडे घरचे लोक कधीच बघत नाहीत. गोडं पाणी जहाजावर आरओ प्लांटने बनतं, टाक्यांत भरून नेलेलं असतं ते वेगळं, पण पाचशे माणसं वाढली की नळ ठराविक वेळेलाच सुटतो. अंग ओलं करा, नळ बंद, साबण लावा, नळ चालू, आटपा. तिथे तुमच्या पोराने तुपकट डबा घासत बसायचं का?

आता एकेक वस्तू.

शंकरपाळे. पैकीच्या पैकी. काकूंचे थोडे कडक असतात, घरी खाल्ले तर म्हणाल अजून खुसखुशीत हवे होते, पण जहाजावर हेच हवेत. तेल सुटत नाही, चुरा होत नाही, वास नाही, खिशात टाकून वॉचला, म्हणजे पाळीच्या ड्युटीला, नेता येतात. मिडल वॉच म्हणजे रात्री बारा ते चार, सगळ्यात नावडती वॉच. रात्रीचं जेवण सात साडेसातलाच उरकलेलं असतं, नऊच्या सुमाराला राऊंड्स (तपासणीची फेरी) होतात, दहाला पाइप डाउन, म्हणजे झोपायची वेळ, आणि तुम्हाला पावणेबाराला कोणीतरी टॉर्च मारून उठवतो. दोनच्या सुमारास जी भूक लागते तिला गॅली (जहाजावरचं स्वयंपाकघर) बंद असते, तेव्हा खिशातले शंकरपाळे.

त्यात पश्चिमेला जाताना अजून एक गंमत असते. ओमान, सेशेल्स, मॉरिशस हे सगळे आपल्या दीड तास मागे, टांझानिया केनिया अडीच तास मागे. मग घड्याळ एकदम मागे न घेता जाताना एकेका रात्री अर्धा अर्धा तास मागे घेतात, पाइप होतो, म्हणजे जहाजभर घोषणा होते, आणि ज्याच्या वॉचला ते घड्याळ मागे जातं त्याची ड्युटी अर्ध्या तासाने लांबते. तो बिचारा कुणाला शिव्या घालणार, सूर्याला? येताना तेवढाच अर्धा तास कुणाला तरी फुकट मिळतो आणि तो नेमका आपल्याला कधी मिळत नाही असं जहाजावरच्या प्रत्येकाला वाटतं. काकूंना हे सांगितलं तर त्यांनी पुढच्या वेळी शंकरपाळ्यांची एक पिशवी जास्त टाकली, पैसे मात्र लावले.

चटण्या. खरं सांगू का, दुकानाची सगळी इज्जत चटण्यांमुळे आहे. शेंगदाण्याची, लसूण खोबऱ्याची, कारळ्याची आणि जवसाची, १०० ग्रॅमच्या पाऊचमधे, ८० रुपये. एक किलोचं पाकीट मागितलं तरी काकू देत नाहीत, दहा पाऊच देतात, आणि बरोबर करतात. मेस डेकवर, म्हणजे सेलर झोपतात, जेवतात तिथे, एकट्याने खाणं नसतंच. पाऊच फुटला की टेबलावर हरियाणाचा, केरळचा, ओडिशाचा, बिहारचा असे सगळे हात येतात आणि तो पाऊच त्या जेवणातच संपतो, मग पुढच्या वेळी केरळवाला केळ्याचे वेफर काढतो. एक किलो फोडलं असतं तर एका आठवड्यात संपलं असतं, नाहीतर उरलंसुरलं सादळलं असतं. कारळ्याच्या चटणीचा रंग बघून उत्तरेकडची पोरं आधी संशयाने बघतात, एकदा ब्रेडवर घालून खाल्ली की मग लॉकरच्या आसपास घुटमळतात.

गॅलीचं जेवण वाईट असतं असा गैरसमज करून घेऊ नका हां, मी कुकची बाजू घेणारा माणूस आहे. जहाज हलत असताना शेकडो माणसांचा डाळ भात, भाजी, अंडी, चिकन वेळेवर काढायचं, पहाटे उठून ब्रेड भाजायचा, पातेली घसरू नयेत म्हणून शेगडीला गज लावलेले असतात त्यात हात घालून ढवळायचं, हे येरागबाळ्याचं काम नाही. १० मे २०२० ला नेव्हीचं जलाश्व जहाज मालदीवच्या मालेहून ६९८ लोकांना घेऊन कोचीला आलं, लॉकडाउनमधे अडकलेली आपलीच माणसं, बायकामुलं, म्हातारी माणसं, त्या सगळ्यांना वाटेत खायला प्यायला याच लोकांनी घातलं. त्याच तारखेला केसरी डॉक्टरांच्या टीम, औषधं आणि धान्य घेऊन मालदीव, मॉरिशस, मादागास्कर, कोमोरोज आणि सेशेल्सला निघालं होतं. पण कुक कितीही चांगला असला तरी पालेभाजी आठवड्यात मान टाकते, मग कोबी, मग भोपळा, मग बटाटा, मग परत बटाटा. त्या बटाट्याच्या दिवसांत लसूण खोबऱ्याची चटणी काय करते हे घरी बसून कळणार नाही.

फक्त खोबऱ्याबद्दल एक तक्रार आहे. सुकं खोबरं गरम लॉकरमधे खवट होतं. शेंगदाण्याची शेवटपर्यंत टिकली, लसूण खोबऱ्याचे शेवटचे पाऊच पुतण्याने उघडले तेव्हा जीभेला लागायला लागलं होतं. काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "ते आधी संपवायचं ना!" बरोबर आहे, पण मग पाऊचवर तसं लिहा की. लेबलवर पॅकिंगची तारीख असते, कधीपर्यंत खायचं ते पेनाने लिहिलेलं असतं आणि ते पेन दमट हवेत पसरतं. एवढं सगळं नीट करता आणि तिथे येऊन कंजूसपणा, छापील स्टिकर किती रुपयांना येतो?

डिंकाचे लाडू. हीच खोबऱ्याची भानगड. चवीला उत्तम, डिंक नीट फुलवलेला, गूळ बेताचा, पण खोबरं भरपूर. आता मी खोबऱ्याऐवजी खारीक जास्त घालून करून घेतो, वेगळी ऑर्डर द्यावी लागते, आठवडाभर आधी, आणि थोडे महाग पडतात. बेसनाचे लाडू मात्र पाठवू नका, काकूंचेच नाही, कुणाचेच. तूप सुटतं, लाडू बसतात, आणि पाकिटात नुसता एक लगदा तयार होतो जो चमच्याने खावा लागतो, आणि चमचा धुवायचा प्रश्न वर सांगितलाच आहे.

चकली. इथे माझं आणि काकूंचं जमत नाही. भाजणी सुंदर, काटा सुंदर, पण चकली ही वस्तूच जहाजासाठी नाही. बॅग जेटीवरून वर चढेपर्यंत अर्ध्या तुटतात, उरलेल्या पहिल्या रोलिंगला. पुतण्याचा मेसेज होता, "काका, चकलीची भुकटी मिळाली, मस्त आहे, भातावर घालून खातो." म्हणजे चव उतरली नाही हे सिद्ध झालं. कडबोळी घ्या त्यापेक्षा, जाड असतात, तग धरतात.

चिवडा दोन प्रकारचा मिळतो. पातळ पोह्यांचा चिवडा पाकीट फोडलं की तासाभरात सादळतो, समुद्राची हवाच तशी. भाजक्या पोह्यांचा जरा बरा. पण चिवड्याचा खरा त्रास म्हणजे सांडतो, आणि सांडला की झुरळं. जहाजावर झुरळांशी लढाई बाराही महिने चालू असते, आणि राऊंड्सला येणारा ऑफिसर टॉर्च नेमकी बंकच्या खाली आणि लॉकरच्या मागे मारतो. तिथे दोन शेंगदाणे आणि एक कढीपत्त्याचं पान सापडलं की अख्ख्या मेसची रविवारची सुट्टी घासण्यात जाते आणि मग चिवडा कुणाच्या घरचा होता याची चौकशी बसते. व्हॅक्यूम पॅकमधे चिवडा चेपतो म्हणून काकू तो साध्या झिप पाउचमधे देतात, ठीक आहे, पण लहान पाउच द्या म्हणावं, पाव किलोचं पाकीट एका बैठकीत संपत नाही.

आलेपाक. याच्यावर मला जरा सविस्तर लिहायचंय. आमच्या सोसायटीत एक निवृत्त सुभेदारसाहेब आहेत, पायदळातले. श्रीलंकेत शांतिसेना गेली होती १९८७ ला, तेव्हा ते जहाजाने तिकडे गेलेले. शेवटची तुकडी मार्च १९९० मधे त्रिंकोमालीहून परत आली, त्याच्या बरेच आधी हे आले. डोंगरातला माणूस, समुद्र तोपर्यंत फक्त गेटवेला बघितलेला. त्यांचं वर्णन ऐकायचं म्हणजे, "चीफसाहेब, गोळीची भीती नाय वाटली ओ, पण त्या बोटीत मला वाटलं आतडी समुद्रात पडत्यात." मी काय बोलणार, मी तर दुसऱ्या बाजूला होतो, जवान चढले की आम्ही बादल्या मोजून ठेवायचो.

जवान जहाजावर चढला की त्याला काम नसतं हा मोठा त्रास असतो. सेलर वॉचला जातो, मशिनरी बघतो, रंग मारतो, डेक धुतो. जवानाने काय करायचं? सकाळी वरच्या डेकवर पीटी, मग हत्यारांची साफसफाई, मग बॅचने जेवण, मग पत्ते, मग बंक. खाली टँक डेकवर गाड्या साखळ्यांनी जखडलेल्या असतात त्या दिवसातून तपासायच्या. आणि बंकमधे पडून राहिलं की मळमळ वाढते. आम्ही सांगायचो की रिकाम्या पोटी राहू नका, कोरडं काहीतरी चघळा, वर या, लांब क्षितिजाकडे बघा, आणि झोपायचं असेल तर जहाजाच्या मधल्या भागात जागा पकडा, टोकाला सगळ्यात जास्त हलतं. कोरडं चघळायला आल्यासारखं दुसरं काही नाही, मळमळीवर आलं चालतं हे डॉक्टरही मान्य करतात.

काकूंचा आलेपाक तिखट आहे, म्हणजे खरोखर आलं घातलेलं आहे, नुसती साखरेची वडी नाही. वड्या छोट्या कापलेल्या, एकेक बटर पेपरमधे. दमट हवेत थोड्या चिकट होतात पण कागदामुळे निभावतं. सुभेदारसाहेबांना मी एकदा बरोबर घेऊन गेलो तर त्यांनी स्वतःसाठी अर्धा किलो घेतला, म्हणाले, "लालपरीने गावाला जाताना लागतो." पुतण्याने त्याच्या मेसमधे वाटला आणि आता तिथून ऑर्डर येते, एका तामिळ पोराच्या आईला काकूंचा नंबर दिलाय. एकच सांगतो, हे औषध नाही. ज्याला फारच लागतं त्याने जहाजावरच्या मेडिकलवाल्याकडून गोळी घ्यावी, तीसुद्धा उलट्या सुरू व्हायच्या आधी.

इन्स्टंट मिक्स. काकूंनी हे हल्ली सुरू केलंय, उपमा, पोहे, पिठलं. पिठलं घेऊ नका, ते गॅसवर शिजवावं लागतं आणि मेस डेकवर शेगडीच काय, स्वतःची इलेक्ट्रिक किटलीही ठेवता येत नाही. समुद्रात आगीसारखी भीती कशाची नसते, पळून जायला जागा नाही, म्हणून त्या बाबतीत कोणी हयगय करत नाही. चहाचं गरम पाणी मिळतं तेवढ्यावर उपमा आणि पोहे होतात, मग्यात घाला, झाकून ठेवा, पाच मिनिटं. पोहे चांगले. उपम्यात मीठ जास्त आहे, दोनदा सांगितलं, अजून जास्तच आहे. आणि मिरची एवढी की मिडल वॉचला झोप उडवायला म्हणून ठीक, एरवी नाही.

लोणचं. तेलाचं लोणचं काकू जहाजासाठी देतच नाहीत, आणि त्यावरून एका बाईंशी त्यांचं माझ्यासमोर वाजलं होतं. त्या बाई म्हणत होत्या मी घट्ट झाकणाची काचेची बरणी आणलीये, तुम्ही फक्त भरून द्या. काकू म्हणाल्या, "बरणी तुमची, लोणचं माझं, आणि युनिफॉर्म त्या पोराचा." मी मधे पडून सांगितलं की ताई, एलएसटी किनाऱ्याला लागते तेव्हा आधी मागचा नांगर टाकतात, नंतर त्यालाच ओढून जहाज परत पाण्यात घ्यायचं असतं, मग पुढचा भाग वाळूला घासत जातो आणि थांबताना असा एक धक्का बसतो की लॉकरमधलं सगळं पुढे येतं. काच अजिबात नको. त्यांनी शेवटी लिंबाचं बिनतेलाचं गोड लोणचं नेलं, ते डबल पाउचमधे मिळतं. मी स्वतः पाठवून बघितलंय, सांडलं नाही.

स्टीलचे डबेही नकोत, काकू देतात म्हणाल्या तरी घेऊ नका. रात्रभर लॉकरमधे खडखड वाजतात आणि सकाळी तीस माणसं तुमच्या पोराकडे रागाने बघतात.

सुक्या मासळीबद्दल विचारणारे असतातच. आमच्या ऐरोली, दिवा कोळीवाड्याकडची मंडळी जवळ्याची चटणी हमखास मागतात. मला स्वतःला जीव की प्राण आहे. काकू ब्राह्मणी स्वयंपाकवाल्या, त्यांच्याकडे मिळत नाही, आणि मिळत असती तरी मी सांगितलं असतं की नको. बंद मेस डेकवर एकच हवा एसीच्या डक्टमधून फिरत राहते. पाकीट पुढच्या टोकाला फोडलं तर मागच्या टोकाच्या माणसाला पाच मिनिटांत कळतं. सुट्टीवर आल्यावर खाऊ घाला.

सर्व्हिसबद्दल. ठाणे आणि नवी मुंबईत काकू माणसाबरोबर पाठवतात, पैसे वेगळे. बाहेरगावी पॅक करून देतात, कुरियर तुमचं तुम्ही बघा. आणि इथे एक महत्त्वाचं, जहाज निघायच्या आधी हातात द्या. नेव्हीची टपालाची वेगळी सोय आहे, जहाजाचं नाव आणि केअर ऑफ फ्लीट मेल ऑफिस, मुंबई किंवा कोची किंवा विशाखापट्टणम असं लिहायचं, पण जहाज बाहेर असेल तर पार्सल त्याच्या मागे समुद्रात पोहत जात नाही. एका कुरियर कंपनीने आमचं पाकीट असं काही फिरवलं की दिवाळीचा फराळ पोराला तुळशीच्या लग्नानंतर मिळाला. त्यात काकूंचा दोष नाही, पॅकिंग तेव्हाही फुटलं नव्हतं.

पेमेंट यूपीआयने होतं पण स्कॅनर काउंटरवर नाही, काकूंच्या मिस्टरांच्या फोनवर आहे आणि मिस्टर वरच्या मजल्यावर. रोख न्या. बिल मागितलं तर वहीतून फाडून देतात. भाव राम मारुती रोडपेक्षा थोडे चढे आहेत, शंकरपाळे किलोला साडेचारशे, घासाघीस होत नाही. काकूंचा स्वभाव तुसडा वाटेल पण तो फक्त साडेबारानंतर, जेवायची वेळ झाली की.

बाहेरच्या पोर्टबद्दल बायका फार विचारतात म्हणून लिहितो. खायच्या वस्तू खाली उतरवून न्यायच्या तर त्या त्या देशाचे नियम असतात, पोराला म्हणावं आधी विचार. पण जहाजावर आलेल्या पाहुण्याला द्यायला काही हरकत नसते. आमच्या वेळी पोर्ट लुईला, म्हणजे मॉरिशसला, जहाज लोकांना बघायला खुलं केलं होतं. तिथे आपल्याकडून पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी गेलेली मराठी माणसं आहेत, गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. एक आजी नातवंडांना घेऊन आल्या, माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली आणि हळूच विचारलं, "तुमी मराठी काय?" माझ्याकडे तेव्हा घरचे कडक शंकरपाळे होते, पिशवीच दिली. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, दोन पाकिटं लोकांना द्यायची म्हणून वेगळी ठेवा. काकूंना सांगितलं तर त्या पाकिटांना लाल रिबीन लावून देतात, तिचे पैसे नाही घेत.

दिवाळीसाठी ऑर्डर द्यायची तर गणपती गेले की लगेच द्या, नवरात्रात गेलात तर "नाही" ऐकाल. पाकातले चिरोटे मागू नका. ते दुकानात समोर ठेवलेले दिसतील, घरी खायला अवश्य घ्या, पण जहाजासाठी म्हणालात तर काकू देत नाहीत, आणि भांडून उपयोग नाही, मी भांडून बघितलंय.